मॅनिंगची तुलना मॅनिंगशीच

१५ नोव्हेंबर २०१५ ला डेन्व्हरमध्ये पेटन मॅनिंगने एनएफएलच्या इतिहासात सगळ्यात जास्त पासिंग यार्डचा विक्रम केला. ब्रेट फार्वला मागे टाकायला त्याला फक्त ३ यार्ड हवे होते. त्याच सामन्यात त्याचे २० पैकी ५ पास पूर्ण झाले, ४ विरोधकांच्या हातात गेले आणि कोचने त्याला बाहेर बसवलं.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच, की क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे फेकायचा ते दोन-तीन सेकंदांत ठरवणारा माणूस. पासवर टचडाउन झालं तर कमाई, विरोधकाने तो मधेच पकडला तर इंटरसेप्शन. २०१३ मध्ये मॅनिंगची टचडाउन ५५ आणि इंटरसेप्शन १० होती. २०१५ मध्ये, पायाच्या दुखापतीमुळे दहाच सामने खेळून, ९ आणि १७.

मग ठरलेला युक्तिवाद येतो: वय ३९, मानेवर शस्त्रक्रिया झालेल्या, त्याला त्याच्याच जुन्या आकड्यांनी कशाला मोजायचं? ही दया मला आवडत नाही. एखाद्याला सवलत दिली, की आपण त्याला मनातून स्पर्धेबाहेर काढलेलं असतं. शिवाय तिच्यात तथ्यही कमी आहे. मानेमुळे मॅनिंगचा अख्खा २०११ चा सीझन बुडाला होता आणि फेकायच्या हातातली ताकद गेली होती. ती ५५ टचडाउन त्यानंतरची, त्याच अधू हाताची. म्हणजे आपण ज्याला ‘जुना, धडधाकट मॅनिंग’ म्हणून फूटपट्टी करतो, तो मुळात धडधाकट नव्हताच.

आमच्या कामात दोन बेंचमार्कची तुलना करायची तर मशीन तेच लागतं. माणसाचं मशीन दर वर्षी बदलतं, त्यामुळे नुसते आकडे जुळवून भागत नाही. पण माझ्या मते एक प्रश्न दर वर्षी तोच ठेवता येतो: आज जो हात आहे, तो ओळखून हा माणूस निर्णय घेतोय का?

या प्रश्नावर २०१५ चा नियमित सीझन साफ नापास आहे. १७ इंटरसेप्शनपैकी बरीचशी मला २०१३ च्या हाताने फेकल्यासारखी वाटतात. प्लेऑफमध्ये मात्र चित्र बदललं. तीन सामन्यांत एकच इंटरसेप्शन. सुपर बोल ५० मध्ये जेमतेम १४१ यार्ड, आणि डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० हरवलं. सामना बचावफळीने जिंकला, सर्वोत्तम खेळाडू व्हॉन मिलर ठरला, आणि मॅनिंगला इतरांनी ओढत नेलं असं कुणी म्हटलं तर मी फारसा भांडणार नाही. (५५ टचडाउनवाला सीझन सुपर बोलमध्ये ८-४३ अशा पराभवाने संपला होता, हे मात्र ऐकवेन.) पण आयुष्यभर ज्या पासवर नाव कमावलं, तोच पास समोर मोकळा दिसत असताना हातात ठेवायचा, ही गोष्ट मला ५५ टचडाउनपेक्षा अवघड वाटते.

मार्च २०१६ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा पास त्या सुपर बोलमध्येच, टचडाउननंतरच्या दोन जादा गुणांसाठी होता. बेनी फाउलरने तो झेलला. असे पास एनएफएल यार्डांत धरत नाही, त्यामुळे तो त्याच्या एकूण यार्डांत कुठेच नाही.