भरती करणाऱ्याचा धर्म

खेडा जिल्ह्यात सुमारे ६०० गावं. प्रत्येक गावाची वस्ती सरासरी हजारावर. गावटी निदान २० माणसं निघाली, तर १२,००० शिपायांची फौज उभी राहते. जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख, म्हणजे हे प्रमाण शेकडा १.७ पडतं, एरवी माणसं ज्या प्रमाणात मरतात त्याहूनही कमी. हा हिशेब कुणा गोऱ्या कलेक्टराने मांडलेला नाही. २२ जून १९१८ रोजी नडियादहून निघालेल्या सैन्यभरतीच्या पत्रकातला तो आहे, आणि पत्रक मोहनदास करमचंद गांधींचं आहे. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाने मरणाची टक्केवारी काढून लोकांची समजूत घालावी, हे वाचताना आजही थबकायला होतं.

त्याआधी पंधराच दिवस झाले होते खेड्याचा साराबंदीचा सत्याग्रह संपून. त्या लढ्यात गांधी आणि वल्लभभाई पटेल गावोगाव हिंडले तेव्हा लोक बैलगाड्या फुकट देत, एक स्वयंसेवक मागितला तर दोन हजर होत. आता तीच गावं, तीच माणसं. पण भाडं देऊ केलं तरी गाडी मिळेना. सामान खांद्यावर, शिधा पिशवीत, आणि दिवसाकाठी वीस-वीस मैलांची पायपीट. सभा भरत, पण सैन्यात नाव घालायला पुढे येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोक तोंडावर विचारत: तुम्ही अहिंसावाले, मग आम्हाला बंदूक घ्यायला कसं सांगता? आणि या सरकारने आमचं असं काय भलं केलंय, की आम्ही त्याच्यासाठी मरावं?

दोन्ही प्रश्न अडाण्यांचे नव्हते. पहिला तर पुढची दहा वर्षं युरोपातले शांततावादीही गांधींना विचारत राहिले.

तसं युद्ध गांधींना नवीन नव्हतं. बोअर युद्धात त्यांनी नाताळमधल्या सुमारे ११०० हिंदी लोकांचं शुश्रूषा-पथक उभारलं होतं आणि स्पायन कॉपच्या लढाईत जखमींच्या डोल्या वाहिल्या होत्या. १९०६ मध्ये झुलूंविरुद्धच्या मोहिमेत एक छोटं पथक घेऊन ते पुन्हा गेले. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं त्याच आठवड्यात ते लंडनला पोचले आणि तिथल्या हिंदी विद्यार्थ्यांचं पथक उभारायला लागले. तेव्हाही दक्षिण आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली होतीच. पण तोवर गोष्ट डोली वाहण्याची होती. १९१८ च्या एप्रिलमध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्डने दिल्लीला युद्धपरिषद बोलावली. टिळकांना आणि अलीबंधूंना बोलावणं नाही म्हणून गांधी आधी अडून बसले. मग गेले, आणि भरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीत एका वाक्याचा पाठिंबा दिला. त्यानंतरची गोष्ट बंदुकीची होती.

व्हाइसरॉयचा चिटणीस मॅफी याला त्यांनी लगोलग पत्र लिहिलं. भरतीचं काम आपल्याकडे द्यावं, आपण माणसांचा पाऊस पाडू, असा त्याचा आशय. त्यातच हेही नमूद होतं की आपण स्वतः मित्राला किंवा शत्रूला मारणार नाही, इजाही करणार नाही. सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. स्वतः न मारण्याचं व्रत सांभाळायचं आणि दुसऱ्याला रणात धाडायचं, याला धर्माचा कोणता आधार?

गांधींकडे उत्तर होतं, आणि ते कच्चं नव्हतं. चार्ल्स अँड्र्यूज या जवळच्या मित्राला त्या उन्हाळ्यात लिहिलेल्या पत्रांतून ते उलगडतं. ज्याच्यात मारण्याची ताकदच नाही, त्याच्या न मारण्याला मोल कसलं? हिंदुस्थानातली बरीचशी अहिंसा प्रेमातून आलेली नाही, भीतीतून आलेली आहे. आणि भेकडाला अहिंसा शिकवता येत नाही. आधी त्याला निर्भय होऊ द्या, मग त्याने शस्त्र खाली ठेवावं. शिवाय ज्या राज्याचं संरक्षण आपण घेतो, त्याच्या संकटात अंग चोरायचं आणि स्वतःला अहिंसक म्हणवायचं, ही त्यांच्या लेखी लबाडी होती. भरतीच्या त्या नडियादच्या पत्रकात त्यांनी हिंदी जनतेला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिश राज्याचं सर्वांत काळं कृत्य ठरवलं, आणि शस्त्र पुन्हा हाती घ्यायची हीच संधी असल्याचं सांगितलं. कमिशनर साहेबाला तो मजकूर रुचला नाही, हे ओघाने आलंच.

युक्तिवाद तर्काला पटतो. तरी एक जागा मोकळी राहते: निर्भय होण्याची ही शाळा मेसोपोटेमियात भरते, तिथून सगळेच परत येत नाहीत, आणि समोर मरणाऱ्या तुर्काचा या शिक्षणाशी काही संबंध नसतो.

महाभारताने हा पेच गांधींच्या कितीतरी आधी मांडून ठेवला आहे. उद्योगपर्वात अर्जुन आणि दुर्योधन दोघंही द्वारकेला मदत मागायला जातात, तेव्हा एका बाजूला नारायणी सेना आणि दुसऱ्या बाजूला हाती शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण, अशी वाटणी होते. म्हणजे अठरा दिवस लढण्याची समजूत ज्याने घातली, तो स्वतः निःशस्त्र. गीतेची चर्चा होते ती अर्जुनाच्या बाजूने: त्याचा विषाद, त्याचं कर्तव्य, त्याची आसक्ती. समजूत घालणाऱ्याची जबाबदारी काय, हा प्रश्न मात्र गीतेत कुणी विचारत नाही. तो विचारला जातो स्त्रीपर्वात, शंभर पुत्रांची प्रेतं पाहिलेली गांधारी विचारते. तू समर्थ होतास, थांबवू शकत होतास, तरी उपेक्षा केलीस, असा तिचा आरोप आहे. छत्तिसाव्या वर्षी तुझं कुळ आपसात लढून मरेल, असा शाप. कृष्ण बचाव करू शकला असता. गांधारीलाच चार शब्द तो सुनावतोही, पण शाप परत फिरवत नाही. न मारणाऱ्यालाही हिशेब चुकता करावा लागतो, ही त्या कथेची रोकठोक बाजू आपल्या प्रवचनांतून सहसा ऐकू येत नाही.

मराठी मुलखात याच प्रश्नावर दुसराच सामना रंगला होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं टिळकांचं ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापून आलं होतं आणि फळाची आशा न धरता कर्म करावं हे घरोघर पोचलं होतं. भरतीच्या बाबतीत मात्र टिळकांनी फळाचा करार आधी मागितला. शिपाई म्हणून जीव द्यायला हिंदी माणूस चालतो, सुभेदार-मेजरपर्यंत चढतो. मग खरी अफसरी, म्हणजे राजाचं कमिशन, त्याला का नाही? १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनच्या युद्धपरिषदेत ते स्वराज्याकडे वळताच विलिंग्डनने त्यांना अडवलं, आणि टिळक व त्यांचे सहकारी केळकर सभा सोडून बाहेर पडले. सहा दिवसांनी मुंबईत निषेधाची सभा झाली, अध्यक्ष गांधी.

मग टिळकांनी गांधींकडे ५०,००० रुपयांचा चेक पाठवला. पैज अशी: हिंदी लोकांना कमिशन मिळेल असं वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून ५,००० शिपाई देतो, नाही दिले तर ही रक्कम गेली. गांधींनी चेक परत केला. मदत करायची तर सौदा नको, असं त्यांचं म्हणणं. गंमत पाहा: कर्मयोगाचा भाष्यकार फळ ठरवून घेतोय आणि अहिंसेचा व्रती निष्काम भरती मागतोय. एवढं खरं, की गांधींच्या पत्रकातही स्वराज्याची आशा दाखवलेली होतीच. फक्त तिला अट म्हटलेलं नव्हतं. व्यवहाराच्या दृष्टीने टिळकांचं पारडं जड होतं असं म्हणावं लागेल. दुसऱ्याचा मुलगा पाठवताना त्याच्या बदल्यात काय मिळणार हे आधी ठरवून घेणं, यात कोतेपणा कमी आणि काळजी जास्त दिसते.

हे वाद मुंबई-नडियादला चालले होते, तेव्हा प्रत्यक्ष आघाडीवर धर्माचा प्रश्न वेगळ्याच रूपाने समोर येऊन गेला होता. टायग्रिसच्या काठी कुत-अल-अमारा इथे जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी डिसेंबर १९१५ पासून वेढलं होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं, घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांकडून बिनतारी संदेशाने मुभा मागवली गेली, ती आलीही. तरी पुष्कळांनी तोंडाला लावलं नाही. भाज्या नाहीत, मांस नाही. हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं, माणसं स्कर्व्हीने झिजली. गावी परतल्यावर जात वाळीत टाकील, पोराबाळांच्या सोयरिकी अडतील, ही धास्ती तुर्की गोळीहून मोठी होती. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं. प्राण सरकारला देऊन टाकलेल्या माणसाने एवढी एक गोष्ट स्वतःकडे ठेवली होती. तिला अंधश्रद्धा म्हणावं की स्वातंत्र्य, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अशा माणसांच्या ‘स्वेच्छे’चा तळही तपासायला हवा. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावातून या युद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत. त्यांच्या नावाने तिथे स्मारक आहे. साताऱ्याच्या कोरडवाहू शेतीवर ज्याचं पोट भरत नाही, त्याला महिना ११ रुपयांचा पगार म्हणजे घरी येणारी रोख. बाप पलटणीत, चुलता पलटणीत, म्हणून पोरगाही पलटणीत. यात जबरदस्ती नव्हती, पण खेडा जिल्ह्यातल्या पाटीदार शेतकऱ्यासारखी नाही म्हणण्याची ऐपतही नव्हती. पंजाबात तर उघड जुलूम झाला. तिथल्या भरतीत गावोगाव कसा दाब टाकला गेला हे १९२० च्या काँग्रेस चौकशी समितीच्या अहवालात सविस्तर आलं आहे. समितीवर मुकुंदराव जयकर होते, चित्तरंजन दास होते, अब्बास तय्यबजी होते. आणि तो अहवाल मुख्यतः लिहिला गांधींनी. दोन वर्षांपूर्वी वीस मैल चालत माणसं मागणाऱ्यानेच.

महारांची कथा या साऱ्याच्या उलट्या दिशेने जाते. कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्पिढ्या लढलेल्या या जातीला १८९० नंतर सैन्याची दारं बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. सुभेदार रामजींच्या मुलाला, भीमराव आंबेडकरांना, भरतीचा प्रश्न हिंसा-अहिंसेचा कधी वाटला नाही तो यामुळेच. ज्याला शस्त्र धरण्याचा अधिकारच नाकारलेला आहे, त्याला शस्त्रत्यागाचा उपदेश करणं निरर्थक असतं. आणि हे म्हणणं गांधींच्या १९१८ च्या युक्तिवादाच्या किती जवळ जातं, हे दोन्ही गटांचे कैवारी सोयीने विसरतात.

गांधींची मोहीम पोटाने थांबवली. शेंगदाण्याचा लगदा आणि लिंबू यावर चाललेल्या शरीराला ऑगस्टमध्ये आव झाली. तशातच सणाचा दिवस म्हणून कस्तुरबांनी केलेली गोड लापशी आणि मूग त्यांनी खाल्ले, आणि दुखणं मरणाच्या दारापर्यंत गेलं. अंथरुणावरच वल्लभभाईंनी बातमी आणली: जर्मनी हरला, भरतीची आता गरज नाही. त्यांना हायसं वाटलं.

१ ऑगस्ट १९२० ला, टिळक गेले त्याच दिवशी, गांधींनी कैसर-ए-हिंद पदकासोबत बोअर आणि झुलू युद्धांतली पदकंही सरकारला परत केली. पण आपण तेव्हा चुकलो असं काही ते म्हणाले नाहीत. डच शांततावादी बार्ट द लिग्तने जाहीर पत्र लिहून त्यांना घेरलं, तेव्हा १९२८ मध्ये ‘यंग इंडिया’त त्यांनी उत्तर दिलं. जखमींची डोली वाहणारा आणि बंदूक चालवणारा, दोघंही युद्धाच्या पापाचे सारखेच वाटेकरी आहेत, हे ते मान्य करत होते. तरी त्या वेळी, त्या समजुतीने, दुसरा रस्ता दिसत नव्हता, असंही म्हणत होते. गांधारीच्या शापाला मान तुकवणाऱ्या कृष्णाचीच ही भूमिका, फक्त जरा जास्त शब्दांत.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी उलटी भरती केली. युद्धाला माणूस वा पैसा देऊ नका असं सांगत तुरुंगात जाणारे सत्याग्रही एकेक निवडून पाठवायचे, आणि पहिली निवड विनोबांची, गीता मराठीत ‘गीताई’ म्हणून आणणाऱ्याची. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला भाषण केलं आणि चार दिवसांत अटक होऊन तीन महिन्यांच्या शिक्षेवर गेले. त्याच युद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४५ मध्ये युद्ध संपलं, पण ही पलटण मोडली गेली नाही.