पुन्हा प्यायला, तर?

समजा, भिवंडीतल्या टेमघरमधला एक यंत्रमाग कामगार ४० दिवस दारूला शिवला नाही आणि ४१व्या दिवशी, पगार हातात पडताच, झुलत घरी आला. भिवंडीत यात नवल नाही. बारा-बारा तासांची पाळी, मीटरवर मिळणारी मजुरी, मागांच्या खडखडाटाने बधिर झालेले कान. दुसऱ्या दिवशी बायको त्याला समुपदेशकाकडे नेते. तिथे पुढे काय होईल, हे तो किती प्यायला यापेक्षा समोर बसलेला माणूस व्यसनाला काय समजतो, यावर ठरतं.

समोरचा माणूस स्वतः कधीकाळी पिणारा आणि आता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला न चुकता जाणारा असेल, तर त्याच्या लेखी दारू हा जन्मभराचा आजार. दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे कबूल केल्याशिवाय सुटका नाही. तो विचारेल, ‘मीटिंगला जाणं कधी सोडलंस?’ विवेकनिष्ठ मानसोपचार शिकलेला समुपदेशक वेगळंच विचारेल: ‘पहिल्या घोटाआधी मनात कोणतं वाक्य आलं?’ ‘एवढं राबल्यावर मला प्यायलाच हवी’ हे वाक्य सापडलं, की तो त्यातल्या ‘च’ची झडती घेईल. आणि पंचक्रोशीतला एखादा माळकरी काका, ज्याच्याकडे पदवी नाही पण शब्दाला वजन आहे, एवढंच म्हणेल, ‘माळ घालून शपथ मोडलीस?’

आजार, चुकीचा विचार, मोडलेलं व्रत. घसरण एकच, पण पहिल्याच्या खोलीतून माणूस रुग्ण म्हणून बाहेर पडतो, दुसऱ्याच्या खोलीतून विद्यार्थी म्हणून आणि तिसऱ्याच्या अंगणातून अपराधी म्हणून. (सरकारचाही एक सिद्धांत आहेच. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी!)

महाराष्ट्रात हे सिद्धांत पुस्तकांपेक्षा माणसांमधून आले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. सोबतीला ‘गर्द’ या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिणारे अनिल अवचट होते आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी. तिथे बरे झालेले कित्येक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ काढलं. ते स्वतः दारूतून बाहेर पडलेले आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, म्हणून तिथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आली. संस्थापकाचं आयुष्यच उपचारपद्धती झालं. तिकडे कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ पद्धतीचा जनक असलेल्या न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती मराठीत रुजवली.

स्वतः त्या आगीतून गेलेल्या समुपदेशकाला थापा मारणं कठीण असतं. ही त्याची मोठीच ताकद. पण ‘मी असा सुटलो, तूही असाच सुटशील’ या वाक्यात ती आडवीही येऊ शकते. मग न सुटणारा माणूस ‘अजून मानतच नाही’ या सदरात जातो आणि सिद्धांत मात्र सहीसलामत राहतो.

अमेरिकेतल्या विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाला १९८०मध्ये एक धक्का बसला. त्याचे समुपदेशक एकाच पद्धतीत तयार झालेले, तरी निकालांत जमीन-अस्मानाचा फरक. सहा महिन्यांनी कोण कमी पितो, याचा सर्वाधिक संबंध निघाला तो समुपदेशक किती समजून घेऊन ऐकतो याच्याशी. समजून न घेणाऱ्यांचे अशील तर घरी पुस्तिका वाचून आपले आपण प्रयत्न करणाऱ्यांच्याही मागे पडले! पुढे ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ जणांवरच्या चाचणीत बारा पायऱ्या, विचार-वर्तन उपचार आणि समजून घेऊन ऐकण्याच्या मिलरच्या पद्धतीवर बेतलेला उपचार समोरासमोर उभे केले गेले. १९९७मध्ये निकाल आला. तिघांत फारसा फरक नव्हता. पंथाभिमान्यांची थोडी पंचाईतच झाली.

आपल्यासाठी जास्त मोलाची गोष्ट शेजारच्या गोव्यातली आहे. ‘संगाथ’ संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी घेतली. समुपदेशक होते मानसोपचाराची कसलीही पार्श्वभूमी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले स्थानिक लोक. भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी, आधीच्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के निघाले, न मिळालेल्यांत १८ टक्के. जे पीत राहिले त्यांचं रोजचं प्रमाण मात्र घटलं नाही, आणि दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांसाठी हा उपचार नव्हताच. ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. त्यातली एक बाब आकड्यांमुळे झाकली जाते. भेटींचं ध्वनिमुद्रण होई, आणि समुपदेशक एकमेकांचं बोलणं ऐकून गुण देत. कुठे उपदेश केला, कुठे समोरच्याला बोलू दिलं, हे सहकाऱ्यांसमोर उघडं पडे. समुपदेशकाची श्रद्धा कोणती, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम होतो. ती रुग्णाच्या बोलण्याआड आली, तर टोकणारं कोणीतरी असतं.

आपल्याकडे नातेवाईक व्यसनमुक्ती केंद्रात जातात, ते फी विचारतात, किती दिवस ठेवणार ते विचारतात, डबा चालेल का तेही विचारतात. टेमघरहून माणसाला घेऊन ठाण्याला, वसईला किंवा पुण्याला निघालेल्या बायकोने, भावाने आणखी दोनच प्रश्न विचारावेत. हा पुन्हा प्यायला, तर तुम्ही काय कराल? आणि तुम्ही याच्याशी कसं बोलता, हे कोण तपासतं? उत्तर मिळेपर्यंत फॉर्मवर सही करू नये.