कामावर रुजू

पीटर शॅफरच्या १९७३ सालच्या ‘इक्वस’ नाटकात सहा घोड्यांचे डोळे फोडणारा सतरा वर्षांचा मुलगा ज्याच्या हवाली होतो, त्या डायसार्ट नामक मनोवैद्याला रोगाहून आपल्या उपायाचेच भय वाटू लागते; कारण मुलाच्या उन्मादातच त्याचे दैवतही नांदत असते, आणि एक काढू जाता दुसरे उपटले जाणारच. हा संशय थोर खरा, परंतु सुरतेच्या लिंबायतीत तो काहीसा फुरसतीचा वाटतो.

धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांच्या ह्या वस्तीत एखादा तरुण यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळीला जाईनासा झाला, रात्ररात्र जागून अदृश्य कोणाशी बोलू लागला, म्हणजे त्याची आई एवढेच विचारते, “डॉक्टरसाहेब, हा कामावर कधी जाईल?” २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातली मनोरोगाची व्याख्या जीवनाचे नित्य व्यवहार पेलण्याची कुवत विचारात घेते, त्याच कायद्याचे तिसरे कलम मात्र बजावते की, समाजाच्या नीतीशी, धर्मश्रद्धेशी वा कामाविषयीच्या मूल्यांशी न जुळणे एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरवू नये. पण जेथे बारा तासांची पाळी हाच नित्य व्यवहार, तेथे ह्या दोहोंमधली सीमा वैद्याने कोठे आखावी?

म्हणून रोगालाच बंड मानून गौरवावे, हे मला मान्य नाही. तसे लिहिणाऱ्यांनी अशा मुलाच्या उशाशी एक रात्र काढलेली नसते. श्रावणात कानबाई देवी बसते, तेव्हा एखाद्या मावशीच्या अंगात येते आणि तिला कोणी दवाखान्यात नेत नाही, कारण वारे ओसरताच ती भाकरी थापायला बसणार, हे सर्वांस ठाऊक असते. मुलाच्या कानातले आवाज मात्र विसर्जनाबरोबर जात नाहीत. दैवत आणि व्याधी ह्यांतला भेद वस्तीने असा, परत येण्यावरून, डायसार्टच्या कितीतरी आधी ओळखलेला आहे. आईच्या प्रश्नात वैद्याला प्रथम कारखाना ऐकू येतो, तिला बहुधा हे परत येणेच अभिप्रेत असते.

तरीही औषधाने आवाज शमल्यावर, ‘कामास लायक’ असा दाखला लिहिताना, वैद्याचा हात अडखळतो. जागरणाने व्याधी उलटू शकते, हे जाणून तो खाली ‘रातपाळी देऊ नये’ अशी ओळ जोडतो. तो कागद मुकादमापुढे जातो, आणि मुकादमाच्या दाराशी रातपाळीला तयार असलेली दुसरी चार माणसे उभी असतात.