दारातील गर्दी

वऱ्हाडातील जुन्या खेड्यांत धाब्याची घरे अद्यापही दृष्टीस पडतात. भिंतींवर लाकडी सरे, त्यांवर काटक्या आणि वर मातीचा जाड थर. म्हणून कफर्णहूमच्या त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला कष्ट पडू नयेत. संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो, की चौघांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट आणले. गर्दीमुळे आत जाता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उकरून त्याला प्रभूपुढे खाली सोडले.

त्या चौघांच्या श्रद्धेवर आम्ही आजवर कितीतरी प्रवचने केली. दारातील गर्दीवर मात्र एकही केले नाही. ती गर्दी दुष्टांची नव्हती. प्रभूचे वचन ऐकावयास जमलेल्या माणसांची होती. तरीही तिने एका माणसाची वाट अडविली.

या गर्दीकडे आमचे लक्ष वेधले ते आमच्या धर्मग्रामातील एका बांधवाने. पोलिओने त्यांचे दोन्ही पाय गेलेले. दर रविवारी दोन तरुण त्यांना सायकलीवरून उचलून मंदिराच्या तीन पायऱ्या चढवीत. आम्हांला त्या तरुणांचा अभिमान वाटे. पुढे ते गृहस्थ मिस्साला येईनासे झाले. आम्ही घरी जाऊन विचारले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “फादर, पोरं गुणाची आहेत. पण देवाकडे केव्हा यायचं आन् केव्हा परतायचं, हे मी नाही, ती पोरं ठरवतात.”

त्या वाक्याने आम्हांला निरुत्तर केले. ज्याला आम्ही दया म्हणत होतो, तिच्या पोटी एक अन्याय दडला होता. इतरांना जे न मागता मिळते, ते एकालाच दर वेळी मागावे लागत असेल, तर देणारा कितीही प्रेमळ असो, घेणाऱ्याची मान खालीच राहते.

गावांत आणि शहरांत हेच घडते. एस.टी.च्या भाड्यात अपंगांना सवलत मिळते, पण गाडीची उंच पायरी काही खाली येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर वा जळगाव जामोदहून घाट चढून बुलढाण्यास आलेल्या माणसाला कचेरीची पायरीच चढता आली नाही, तर त्याच्या अर्जाला अर्थ काय उरतो? ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. नाव बदलले, पायरी आहे तेथेच आहे.

कायदा आपल्यापुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यानंतर २०१६ चा अधिक व्यापक कायदा आला आणि त्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सुगमतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाही. त्यांतील किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत. अर्थात, हा उपकाराचा नव्हे, अधिकाराचा प्रश्न आहे.

आपण ख्रिस्ती लोकांनीही इतरांकडे बोट दाखवू नये. १९१७ च्या आपल्या धर्मविधिसंहितेत, वेदीवरील सेवा नीट वा शोभेशी करता येऊ नये असे शारीरिक व्यंग हा गुरुदीक्षेतील अडथळा मानला होता. १९८३ च्या संहितेतून ते कलम वगळले गेले. ख्रिस्तसभेलाही ही पायरी उतरावयास वेळ लागला.

कोणी म्हणेल, सारेच सपाट कसे करता येईल? प्रश्न रास्त आहे. लोणारचे विवर उल्कापाताने झाले. त्याचा खोल उतार कोणाला उतरता आला नाही, तर तो कोणाचा अपराध नव्हे. परंतु मंदिराच्या, शाळेच्या आणि कचेरीच्या पायऱ्या आकाशातून पडलेल्या नाहीत. त्या आपण बांधल्या आणि बांधताना कोणाची तरी आठवण आपल्याला झाली नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: एकदोघांसाठी एवढे कशाला? ते एकदोघेच का दिसतात, हे आधी विचारावे. पायरीमुळे जे घरी राहिले, ते मोजणीत येतच नाहीत. शिवाय नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघणाऱ्या मेंढपाळाचे आपण अनुयायी. खर्चही डोंगराएवढा नसतो. एक फूट उंचीला बारा फूट उतार हे साधे प्रमाण. आमच्या दीड फुटाच्या पायऱ्यांना अठरा फूट लागले. त्या बांधवांना विचारूनच तो बांधला. कठडा कोणत्या बाजूस हवा, हे आम्हांला ठाऊक नव्हते, त्यांना होते.

आता ते आपले आपण येतात. ते दोन तरुण अजूनही त्यांच्याजवळ बसतात, पण उचलणारे म्हणून नव्हे, मित्र म्हणून. उताराने प्रेमाची गरज संपविली नाही. त्याला बरोबरीचे केले.

मार्कच्या त्या कथेचा शेवट वाचकांनी पुन्हा वाचावा. बरा झालेला तो माणूस आपली बाज उचलून सर्वांदेखत बाहेर गेला. म्हणजे वाट होऊ शकत होती. चालू लागलेल्या माणसाला जी वाट मिळाली, ती त्याला चालता येत नव्हते तेव्हा का मिळाली नाही? या प्रश्नाचे उत्तर त्या चौघांनी नव्हे, दारात उभ्या असलेल्या आपण द्यावयाचे आहे.