पथ्याचा न्याय

मूल वारंवार पोट धरून कळवळूं लागलें, म्हणजे आईबापांचें लक्ष प्रथम ताटाकडे वळतें. आज दूध बंद, उद्यां गहूं बंद; ज्यानें उतार पडला तेंच खरें, असा आपला न्याय. हा न्याय कितपत टिकतो?

१९२४ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनीं सीलिॲक या आंतड्याच्या विकारानें खंगलेल्या मुलांस पाव, बटाटे व सर्व धान्यें वर्ज्य करून केळ्यांवर ठेविलें. मुलें सुधारलीं आणि यश केळ्यांच्या पदरांत पडलें. पुढें हॉलंडमधील डॉक्टर डिके यांनीं १९५० च्या आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, अपाय गव्हाचा होता. गुण आला तो ताटांत केळें आलें म्हणून नव्हे, पाव गेला म्हणून.

तात्पर्य, उतार खरा असला तरी त्याचें आपण लाविलेलें कारण खरें असेलच असें नाहीं. मोठ्या माणसानें स्वतःवर हवा तो प्रयोग करावा. मुलाची संमति मात्र आपण गृहीत धरलेली असते. पंक्तींत पुरणपोळीवांचून बसलेलें मूल आपल्या तर्काचें मोल देत असतें. म्हणून पथ्यास मुदत असावी. गव्हाचा संशय असल्यास रक्ताची तपासणी तो बंद करण्यापूर्वींच करावी. नंतर तिच्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं. सीलिॲक ठरला, तर गहूं जन्मभर वर्ज्य, तेथें लाड नको. परंतु जें पथ्य निराधार ठरलें, तें वैद्याच्या सल्ल्यानें सोडून मुलाचा घास त्यास परत देणें, हेंही आम्हांस वात्सल्याचेंच कर्तव्य वाटतें.