तोंडात जाणाऱ्या वस्तूविषयी

तंबाखूविषयी बोलू लागलो म्हणजे आम्हांस मंडळ्यांतून एक उत्तर हमखास मिळते. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय दाखवून म्हणतात, "पाळकसाहेब, विटाळ तर अंतःकरणातून निघतो, तोंडात काय जाते ह्याची प्रभूने कोठे चिंता केली?" असे म्हणणारे शास्त्र वाचणारे लोक आहेत, म्हणून ह्याचा विचार नीट केला पाहिजे. तेथील वाद हात धुण्याच्या रूढीचा होता. न धुतलेल्या हाताने जेवणारा देवापुढे अशुद्ध ठरतो काय, एवढाच प्रश्न होता, आणि प्रभूने तो निकालात काढिला. विष पोटात गेले तरी देहास अपाय होत नाही, असे त्याने कोठेही शिकविले नाही. चिमूटभर तंबाखूने कोणी विटाळला, असे आम्हीही म्हणत नाही. तिने माणूस आजारी पडतो, व पुष्कळदा फार हाल सोसून मरतो, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आज आपल्या देशातील पुरुषांस होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. २०२२ ह्या एका वर्षात स्त्रीपुरुष मिळून सुमारे १ लाख ४० हजार नवे रोगी झाले, असा जागतिक तज्ज्ञांचा अंदाज आहे. ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. दक्षिण त्रावणकोरात नेय्यूर येथील लंडन मिशनच्या रुग्णालयातले डॉ. ऑर यांनी १९३३ सालीच 'लॅन्सेट' पत्रात विडा खाणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगाविषयी लिहिले होते. मिशनच्याच दवाखान्यातून निघालेली ही सूचना आमच्या मंडळ्यांनी कानाआड करावी, हे आम्हांस विशेष बोचते.

तंबाखू वाळविताना व मुरविताना तिच्यात नायट्रोसामीन नावाची घातक द्रव्ये तयार होतात. गालफडात गोळी धरून ठेविली म्हणजे ती तासन्‌तास एकाच जागी झिरपतात, आणि चुना तेथील नाजूक त्वचा भाजून काढितो. पुष्कळदा व्रण नेमका त्याच जागी उठतो. सुपारीही निर्दोष नाही. तिच्यामुळे गाल आतून ताठ होत जातो व शेवटी घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. विडीचा धूर तोंडाबरोबर घसा व स्वरयंत्रही बिघडवितो, आणि जोडीस दारू असली तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आमच्या भगिनी म्हणतात, "आम्ही तंबाखू खात नाही, मिशरीने दात घासतो." परंतु मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच नव्हे काय?

२००९-१० साली देशातील प्रौढांपैकी शेकडा सुमारे ३५ जण तंबाखू सेवन करीत. २०१६-१७ साली ते प्रमाण शेकडा सुमारे २९ वर आले. ही आनंदाची गोष्ट खरी. तथापि ह्या सवयीचे फळ वर्षानुवर्षांनी पदरात पडते, म्हणून रुग्णालयांतील गर्दी इतक्यात ओसरणार नाही. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तेव्हा दुकानदार पानमसाल्याची व तंबाखूची अशा दोन पुड्या वेगवेगळ्या देऊ लागले, आणि आमची पोरे तळहातावर त्या एक करितात.

आणि मंडळीचे काय? पंचांच्या सभेत दारू पिणाऱ्याची चौकशी होते, आणि सभा उठली की चंची हातोहात फिरते. दारूमुळे घरात मारहाण होते, तंबाखूमुळे होत नाही, हा भेद आम्ही जाणतो. परंतु जो रोग मुकाट्याने येतो त्याच्याविषयी मुकाट राहणे हे पाळकपण नव्हे.

त्याहून वाईट एक गोष्ट आमच्या पाहण्यात आहे. तोंडात चट्टा उठलेली एक भगिनी तो कित्येक महिने पदराआड लपवीत राहिली. कळले तर लोक ह्यास देवाची शिक्षा म्हणतील, ही तिला भीती. आणि लोक तसेच म्हणाले. शिष्यांनीही जन्मांधास पाहून असाच प्रश्न केला होता. प्रभू त्या हिशेबात शिरला नाही. त्याने त्या माणसाच्या डोळ्यांस हात लाविला. रोग्यापुढे पापाची झडती घेणाऱ्याने तो अध्याय पुन्हा वाचावा.

कारण लवकर दिसलेला व्रण बहुधा बरा होतो. केरळात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासिली. तंबाखू वा दारूची सवय असणाऱ्यांत ह्या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. पांढरा वा तांबडा चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, गिळताना होणारा त्रास, बसलेला आवाज, मानेतील गाठ, ह्यांपैकी काहीही दिसल्यास रोग्यास ग्रामीण रुग्णालयात न्यावे, आणि उपदेशकाने बरोबर जावे. एकटा माणूस अर्ध्या वाटेवरून परततो. सवय सोडू इच्छिणाऱ्यास पुडीवरच १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक छापलेला आढळेल.

एखाद्या रविवारी उपासनेनंतर आरोग्यसेविकेस मंडळीत बोलवावे. तपासणीस प्रथम उपदेशक व पंच बसोत. मग मिशरीची डबी बाळगणारी म्हातारीही तोंड उघडावयास लाजणार नाही.