हात थांबले तर?



आजारी आणि वयोवृद्ध मंडळींना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक प्रश्न पुनःपुन्हा कानी पडतो : “फादर, आता माझा काय उपयोग?” विचारणारी माणसे जन्मभर राबलेली असतात. कोणी वाडी शिंपली, कोणी शाळेत शिकवले, कोणी शिवणयंत्रावर संसार उभा केला. आता हात चालत नाहीत. “असे बोलू नका” एवढे सांगून आम्ही वेळ निभावून नेतो. पण ते उत्तर नव्हे, हे आम्हालाही ठाऊक असते. आज एका पियानोवादकाच्या जीवनाच्या आधाराने या प्रश्नाचा थोडा विचार करू या.

लिऑन फ्लायशर यांचा जन्म १९२८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे, परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. मुलाने एक तर देशाचा पहिला ज्यू राष्ट्राध्यक्ष व्हावे, नाहीतर थोर पियानोवादक, अशी आईची जिद्द होती. चौथ्या वर्षी शिक्षण सुरू झाले. पुढे आर्टुर श्नाबेल यांच्यासारखे गुरू लाभले. सोळाव्या वर्षी, १९४४ साली, ते न्यूयॉर्कच्या नामांकित फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाबरोबर वाजवत होते. १९५२ साली ब्रुसेल्समधील राणी एलिझाबेथ स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यांची बेथोवन आणि ब्राम्स यांच्या संगीताची ध्वनिमुद्रणे आजही आदर्श मानली जातात.

मग १९६४ च्या सुमारास उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचे बोट आपोआप तळव्याकडे मुडपू लागले. जास्त सराव केला, तर बोटे अधिकच वळली. वय अवघे छत्तीस. मेंदूकडून स्नायूंना जाणारा आदेश बिघडण्याचा हा विकार; ‘फोकल डिस्टोनिया’ हे त्याचे नाव कळायलाही कित्येक वर्षे गेली. त्या काळात जीव देण्याचा विचारही मनात आला होता, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. लहानपणापासून ‘मी म्हणजे माझा पियानो’ हेच शिकलेल्या माणसाने दुसरे काय करावे?

हळूहळू त्यांना उमगले की आपले नाते संगीताशी आहे, केवळ दोन हातांच्या वादनाशी नाही. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते शिकवत होतेच. आता शिकवण्यात जीव ओतला. वाद्यवृंदाचे संचालन सुरू केले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनश्टाइन यांच्यासाठी रावेल यांनी केवळ डाव्या हाताची एक रचना केली होती. तीही ते वाजवू लागले. सुमारे तीस वर्षांनी, १९९० च्या दशकात, बोटॉक्सची इंजेक्शने आणि स्नायूंचे मर्दन यांमुळे उजवा हात पुन्हा वाजवू लागला. २००४ साली ‘दोन हात’ या अर्थाच्या नावाने त्यांचे ध्वनिमुद्रण निघाले. विकार पुरता गेला नव्हता, तरी ते वाजवत राहिले. २ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

गोष्ट सुंदर आहे. पण तिच्यात एक धोकाही आहे. ‘एक दार बंद झाले, दुसरे उघडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मग ज्याला दुसरे दार सापडलेच नाही, त्याचे काय? अंथरुणाला खिळलेली आजी ना शिकवू शकते, ना डाव्या हाताने काही करू शकते. फ्लायशर यांचे मोल नवे काम सापडल्यामुळे टिकले असे मानले, तर त्या आजीला आपण नकळत ‘निरुपयोगी’ ठरवतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेत एक सूत्र आहे : कृती अस्तित्वामागून येते. आधी माणूस, मग त्याचे काम. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९८१ च्या मानवी श्रमावरील परिपत्रकात हेच शिकवले की काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. म्हणजे फ्लायशर यांना नवे काम सापडले नव्हते, त्या काळोख्या दिवसांतही त्यांचे मोल तसूभर घटले नव्हते.

“पण फादर, तालंतांचा दाखला?” असे कोणी विचारील. तो नीट वाचू या. पाच तालंत मिळालेल्या आणि दोन मिळालेल्या सेवकांना धनी एकच शाबासकी देतो. तिसऱ्याला दोष लागतो तो कमी मिळाले म्हणून नव्हे, नुकसान झाले म्हणूनही नव्हे. भीतीपोटी त्याने ते पुरून ठेवले म्हणून. आणि तालंत हाती येण्यापूर्वीही ते तिघे त्याच घरातले होते. हातून निसटलेल्या देणगीचा हिशेब देव मागत नाही. हाती उरलेली भीतीने पुरून ठेवू नका, एवढेच तो सांगतो. हाती काहीच उरले नाही, तरी त्याच्या घरातले आपले स्थान उरतेच. क्रुसावर प्रभूचे हातही खिळलेले होते. त्या घटकेला ते कोणाला बरे करत नव्हते, भाकरी मोडत नव्हते. तरी आपले तारण तिथेच झाले.

येत्या आठवड्यात आपल्या आळीतल्या अशा एखाद्या घरी जाऊन बसू या. सल्ला द्यायला नको, समजूत घालायला नको. त्यांचा थांबलेला हात काही वेळ आपल्या हातात धरू या. “माझा काय उपयोग?” या प्रश्नाला त्याहून खरे उत्तर आम्हाला तरी ठाऊक नाही.